बाबांचा विषय, माझी डाळ

बारावीचा निकाल लागला की आमच्या अहमदपुरातले आईबाप पोरांना घेऊन लातूरच्या नाहीतर नांदेडच्या क्लासेसकडे धावतात. आमच्या घरी उलटा कारभार. आमचे बाबाच लोकांची पोरं शोधत गावोगाव फिरायचे.

बाबा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढंच मानधन, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही हे पुढच्या वर्षीच कळणार. त्यात पहिल्या वर्षाला पुरेशी पोरं आली नाहीत तर विषयच बंद. म्हणून जून उजाडला की पिशवीत माहितीपत्रकं आणि पाण्याची बाटली घालून ते निघायचे. अहमदपूरच्या आसपासची खेडी, चाकूरच्या बाजूची गावं, जिथं कुणी आर्ट्सनं पास झाल्याचं कळेल तिथं. ओसरीवर बसायचं, चौथा चहासुद्धा ‘नको’ न म्हणता प्यायचा, आणि माणसानं विचार करायला शिकलं पाहिजे हे सोयाबीनच्या बियाण्याची काळजी करत बसलेल्या माणसाला पटवून द्यायचं. मला हे सगळं फार अपमानाचं वाटायचं. त्यांना नाही वाटायचं. विषय अजून चालू आहे. दर वर्षी कसा तगतो ते विचारू नका.

घर चालायचं आईवर. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत. बारावी झाल्या झाल्या तिनं डी.एड. केलं आणि लगेच नोकरीला लागली. वाचन फार नाही, पण जीभ तिखट. बाबांना ती ‘सर’च म्हणते, आणि त्यात आदर किती अन् थट्टा किती ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. “मी डी.एड. केलं म्हणून ह्या घरात तत्त्वज्ञान टिकलं, सर,” असं ती भाकरी थापता थापता म्हणायची. बाबा लगेच मान्य करायचे. वाद घालणं हाच ज्याचा धंदा, तो माणूस घरात एकही वाद जिंकल्याचं मला आठवत नाही.

मी सात-आठ वर्षांची असल्यापासून त्यांनी मला शिकवायला घेतलं, शिकवतोय असं न सांगता. एकदा स्वयंपाकघरात काहीतरी दणकन आदळलं. बाबा मला म्हणाले, “आई रागावली की भांडी वाजतात. आत्ता भांडी वाजली. म्हणून आई रागावली. बरोबर का चूक?”

“बरोबर.”

“चूक. मांजर असू शकतं.”

“मांजर न्हाई, मीच हाय,” आतून आवाज आला. “आन् दळण कोण आणणार हाय?”

आम्ही दोघं दळण आणायला निघालो. आई रागावलेली होती हे खरं, तरी माझं उत्तर चूकच होतं, हे ते मला गिरणीपर्यंत समजावत राहिले. निष्कर्ष खरा निघाला म्हणून विचार बरोबर ठरत नाही. मला ते इतकं आवडलं की मी शाळेत बाईंना छळायला लागले. पुढे दहा वर्षं बाजारात, एसटी स्टँडवर, जेवताना, ते असं एखादं कोडं टाकायचे आणि मी त्यावर तुटून पडायचे. त्यांच्या कॉलेजच्या वर्गात सहा-सात पोरं, त्यातली दोन पेंगणारी. खरा वर्ग आमच्या दोघांचाच होता.

त्यामुळे मी सायन्सनं बारावी झाले तरी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेणार, मग एम.ए. करणार, हे बाबांनी मनात धरलं होतं. बोलले कधी नाहीत. फक्त स्वतःची जुनी पुस्तकं झटकून, कव्हरं घालून माझ्या कपाटात आणून ठेवली.

आणि मी नांदेडला बी.व्होक.ला प्रवेश घेतला. अन्नप्रक्रिया तंत्रज्ञान. तीन वर्षांची पदवी, निम्मं शिक्षण हातानं करून, शेवटचे काही महिने थेट कारखान्यात. नातेवाईक म्हणाले, “म्हंजे आयटीआयच की.” नात्यातल्या बायकांनी विचारलं, पापड-लोणची शिकायला नांदेडला कशाला जायला पाहिजे?

बाबांनी मला अभ्यासक्रम मागितला. चष्मा लावून, हातात पेन्सिल घेऊन, पोथी वाचावी तसा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला.

“धान्यातला ओलावा मोजायचा. ह्याला अख्खा पेपर?”

“प्रॅक्टिकलपण आहे त्याचं.”

“बरं.” त्यांनी कागद नीट घडी करून परत दिले. “खरंच रस आहे तुला ह्यात?”

“हो. डाळीत रस आहे मला.”

अठरा वर्षांच्या कुठल्या पोरीला डाळीत रस असतो? आज मी लातूरला एका डाळमिलच्या लॅबमध्ये आहे, आणि आता खरंच आहे. साल सुटायला तुरीला तेल किती लागलं, वाळवण कमी झालं का, कुठल्या खेपेत चुरा जास्त का निघाला, ह्यावर मी तासभर बोलू शकते आणि समोरचा उठून जाईपर्यंत बोलते. पण तेव्हा मी धडधडीत खोटं बोलले होते.

खरं कारण एक पांढरा शर्ट होता. दर वर्षी कॉलेज त्याच जागेसाठी नव्यानं मुलाखत घ्यायचं. बाबा सगळी सर्टिफिकेटं फाइलला लावायचे, तोच पांढरा शर्ट घालायचे आणि बाहेरच्या बाकावर आपल्याच जुन्या विद्यार्थ्यांच्या रांगेत बसायचे. वर्षानुवर्षं तिथंच शिकवणाऱ्या माणसाला आत गेल्यावर पहिला प्रश्न यायचा, “आपला परिचय द्या.” हे ते घरी हसत हसत सांगायचे. माझ्या बारावीच्या वर्षी त्या शर्टाला इस्त्री मी केली. कॉलरवरून इस्त्री फिरवताना मला एकदम दिसलं की पंचेचाळिसाव्या वर्षी हा शर्ट माझ्या अंगावर असणार. घाबरले मी. त्याच आठवड्यात नांदेडचा फॉर्म भरला.

हे त्यांना कसं सांगणार? तुमच्यासारखं होऊ नये म्हणून मी चालले, असं बापाच्या तोंडावर म्हणणारी जीभ माझ्याकडे नव्हती, आणि मी काही मवाळ जिभेची नाही. म्हणून डाळ पुढे केली. बाबांनी ऐकलं, मला नांदेडला सोडायला आले, होस्टेलच्या खोलीतला पंखा चालतो का ते पाहून परत गेले. मात्र त्या दिवसापासून त्यांनी मला एकही कोडं घातलं नाही. सुट्टीला घरी गेले की विचारायचे, “जेवण बरं असतं का?” बस, एवढंच. मी मुद्दाम काहीतरी उलटसुलट बोलून बघायचे. ते नुसते हसायचे. होस्टेलवर मला आईच्या भाजीपेक्षा त्या चुका काढण्याची जास्त आठवण यायची.

दुसरं वर्ष संपल्यावर मी जूनमध्ये घरी होते. बाबा मोरीत घसरून पडले होते आणि उजवा हात प्लास्टरमध्ये होता. पोरं शोधायची वेळ तर आलेली. आई म्हणाली, “सर, औंदा राहू द्या.” बाबांनी पिशवी डाव्या खांद्याला अडकवली. शेवटी मी स्कूटी काढली आणि त्यांना मागं बसवलं.

पहिल्या दोन गावांत सगळीकडे तेच. लोक प्रेमानं बसवायचे, चहा द्यायचे, बाबांच्या हाताची चौकशी करायचे. मग विचारायचे, “ही कोण? पोरगी का? काय करून राहिली?” आणि बाबा घाईघाईनं म्हणायचे, “सायन्सला आहे,” की लगेच माहितीपत्रक पुढे. बी.व्होक. नाही, नांदेड नाही, डाळ नाही. मला राग यायला लागला. माझी लाज वाटते ह्यांना, असं मी धरून चालले.

तिसऱ्या गावात एका घरी मुलीला आर्ट्सला चांगले मार्क पडले होते. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि बाबा बोलत असताना तिचे डोळे त्यांच्यावरून हलत नव्हते. बाबांनाही ते दिसलं होतं. त्यांचा आवाजच बदलला. मुलीचे वडील मात्र बाजेवर बसून माझ्याकडे बघत होते. बाबांचं संपल्यावर ते मला म्हणाले, “बाई, तू सांग. तुझा बाप म्हणतो इषय लई चांगला हाय. मंग तू का न्हाई घेतला? हे दिव्याखालीच अंधार झाला की.”

बाबा म्हणाले, “ती सायन्सला—”

“तिलाच बोलू द्या की सर.”

मला डाळीत रस आहे, हे वाक्य अगदी ओठांवर होतं. दारातली ती मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला खोटं सांगायचं माझ्यानं झालं नाही.

“विषय चांगलाच हाय काका. मला माहीत असलेल्या सगळ्या विषयांत चांगला. नोकरी चांगली न्हाई. बाबा पंधरा वर्षं तासावर हायेत. दर वर्षी नवी मुलाखत. मला ते झेपलं नसतं, म्हणून मी पळाले.”

मुलीच्या वडिलांनी मान हलवली आणि म्हणाले, “खरं बोलली पोरगी.” म्हणजे ते प्रकरण संपलं. ती मुलगी पुढे नर्सिंगला गेली. बाबांनी राहिलेला चहा संपवला, कपबशी बाजूला ठेवली आणि आम्ही निघालो.

गावाबाहेर येईपर्यंत मी आरशात बघितलं नाही. एक विद्यार्थिनी तर घालवलीच होती, वर चारचौघांत बापाची पंधरा वर्षं चव्हाट्यावर मांडली होती. तेवढ्यात मागून आवाज आला, “थांबव गं गाडी.”

रस्त्याकडेच्या लिंबाखाली मी गाडी लावली. बाबा उतरले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“म्हणजे विषय तुला नावडला नव्हता?”

“कधीच नाही, बाबा.”

“खरं सांग.”

“अजून आवडतो. रोज आठवतो.”

त्यांनी प्लास्टरचा हात दुसऱ्या हातानं धरला आणि नांगरलेल्या रानाकडे बघत राहिले. “मला वाटलं, मीच कमी पडलो. दोन वर्षं हेच डोक्यात होतं. घरातल्या पोरीला गोडी लावता आली न्हाई, तर लोकांच्या पोरांना कोणत्या तोंडानं बोलवून राहिलो मी? म्हणून तुला काही विचारायचंसुद्धा भ्या वाटायचं. वाटायचं, पोरीला कंटाळा येत असंल.”

“आणि मी तिथं बोलले त्याचं?”

“ते तासाचं, मुलाखतीचं? ते मला ठावं न्हाई का, बाळा? ते तर मीच रोज जगतो. त्याला भिऊन गेलीस, चांगलं केलंस.”

मी रडले. रडताना चिडलेही, कारण मी तशीच रडते. दोन वर्षं हा माणूस स्वतःला नापास करून बसला होता आणि मी, ह्यांना माझी लाज वाटते असं धरून, गाल फुगवून बसले होते. एक खरं वाक्य त्या अभ्यासक्रमाच्या कागदांसोबत दिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? बाबांनी डाव्या हातानं खिशातून रुमाल काढायचा प्रयत्न केला, तो काही निघेना, शेवटी मीच काढून घेतला.

“आता औंदा पोरं न्हाई मिळाली तरी चालंल मला,” ते म्हणाले.

“चालेल कसं? अजून एक गाव राहिलंय. बसा मागं.”

ते बसले. पुढच्या गावात एका घरी आम्हाला ओसरीवर सतरंजी टाकून दिली, पाणी आणून दिलं. घरधन्यानं माझ्याकडे बघून तोंड उघडलं, पण तो विचारायच्या आतच बाबा बोलायला लागले.

“ही माझी पोरगी. नांदेडला दाळीचं शिकून राहिली. माझा इषय तिनं घेतला न्हाई.” त्यांनी तांब्या खाली ठेवला. “पण लई चांगला येतो तिला.”