माझं काम गेलं, त्याचं गावजेवण

गेल्या मंगळवारी औशाजवळच्या आमच्या गावात माझं काम गेल्याबद्दल जेवण झालं. पुरणपोळी, कटाची आमटी, दोन पंगती... हो, बरोबर वाचलंत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी लातूरला घरी बसून ऑनलाइन पोकर खेळायचो आणि त्यावर आमचं घर चालायचं. नवीन कायदा आला, पैशांचे खेळ बंद झाले, आणि एका सकाळी लॅपटॉप उघडला तर ॲपवर नुसती एक सूचना.

कायदा बरोबर की चूक यावर कमेंटमध्ये भांडू नका. या नादात पोरं बरबाद झालेली मीही पाहिलीत. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे.

आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलाची पुण्यातली आयटीची नोकरी गेली, तेव्हा अख्खी गल्ली त्यांना भेटून आली. सगळे हळू आवाजात बोलायचे आणि उठताना एकच वाक्य... "होईल सगळं नीट." माझं काम गेलं तेव्हा त्याच गल्लीने माझ्या आईचं अभिनंदन केलं. "सुटला बाई एकदाचा!"

सुटला? मी काय दारू पीत होतो?

सकाळी अंघोळ करून नऊला बसायचो. बहुतेक डाव तर सुरुवातीलाच सोडून द्यायचे असतात, आणि समोरचा पैसे कसे लावतो ते बघत गप्प बसायचं असतं. दुपारी आपलेच हरलेले डाव परत बघायचे, कुठे घाण केली ते शोधायचं.

चांगले महिने आले तेव्हा बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वाईट आले तेव्हा सगळं बरोबर खेळूनही आठवडेच्या आठवडे हरलो, ताटावर बसून घास उतरायचा नाही. टीडीएस कापताना सरकारला ते उत्पन्न वाटायचं... जुगार फक्त नातेवाइकांना वाटायचा.

आणि मग आईने सांगितलं की तिने गावच्या देवीला नवस बोलला होता. महेशचं हे सुटू दे, तुझी ओटी भरीन आणि गावाला जेवू घालीन. आता सुटलं, तर नवस फेडायला हवा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आईपुढे काय बोलणार? डाळ, गूळ, तूप... माझ्याच बेकारीचा किराणा मीच गाडीत भरला आणि आईबाबांना घेऊन गावी गेलो.

पंगतीत एकानेही मला विचारलं नाही की बाबा, आता कसं करणार आहेस. सल्ले मात्र ताट भरून. एकाने स्पर्धा परीक्षा सांगितली, एकाने चहाची टपरी. माझे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, गावात त्यांच्या शब्दाला मान आहे... त्यांनी भर पंगतीत जाहीर केलं, "लेकरू मार्गाला लागलं बघा!" लोकांनी माना डोलावल्या आणि मी खाली मान घालून पोळी कुस्करत बसलो.

जेवणं आटोपली. देवळामागच्या लिंबाखाली सतरंजी पडली. आणि काकांनी खिशातून काय काढलं असेल?

पत्ते.

रमी. पैसे लावून. माझा 'जुगार' सुटल्याचं जेवण ज्या तोंडांनी जेवलं, त्याच तोंडांनी मला हाक आली, "महेश, ये की रे! एक गडी कमी पडायलाय!" आणि वर हसणं.

मी उठलो. चार खरमरीत वाक्यं तयार होती, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यात विड्याचं ताट घेऊन आई तिथे आली होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं.

तिने ताट सतरंजीवर ठेवलं आणि मांडलेले पत्ते दोन्ही हातांनी गोळा केले. "भाऊजी, लेकराचं काम गेलंय. आन् तुमी त्याला मजा करायला बोलवायलाव? त्यो घरात बसून काम करायचा. म्या रोज पाहिलंय. तुमचं ह्ये काय चाललंय ते तुमीच सांगा."

काका काहीतरी पुटपुटले आणि विडा उचलला. मी तिथेच उभा होतो. इतक्या वर्षांत आमच्या घरात त्याला कुणी 'काम' म्हटलं नव्हतं.

परतताना गाडीत न राहवून विचारलंच, मग नवस कशाला बोललीस? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हरल्यावर तू जेवायचा न्हाईस. जिंकल्यावरबी न्हाई, उद्याच्या धाकानं. त्यो धाक सुटावा म्हणून बोलले. तुझी रोजी जावी म्हणून न्हाई रे."

मागच्या सीटवर बाबा झोपल्याचं सोंग घेऊन बसले होते.

परवा शेजारच्या काकू दारात आल्या, आईला म्हणाल्या, झालं ना देवीचं छान? आई म्हणाली, "झालं. पण काम गेलंय हो त्याचं. दुसरं बघायलाय."

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "होईल सगळं नीट."

मी आत स्वयंपाकघरात होतो. काम जाऊन इतके दिवस झाले, पण रडू मला तेव्हा आलं... आणि फार बरं वाटलं.