नंबर भिंतीत असतो

सहादू ढिकले माणसाची लायकी त्याच्या ‘हॅलो’वरून ठरवत, आणि सव्वीस वर्षांत त्यांच्या परीक्षेत पास झालेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच होती. हिशेब विभागातला अमोल तोंडात घास ठेवून हॅलो म्हणतो, म्हणून नापास. वणी शाखेचा मॅनेजर रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरून ओरडतो, म्हणून नापास. विक्री विभागातली निकिता हॅलोच्या आधी ‘हां’ म्हणते. तिला तर त्यांनी परीक्षेलाच बसवलं नव्हतं.

फवारणी यंत्रं बनवणाऱ्या त्या कंपनीच्या इंदिरानगरातल्या मुख्य कचेरीत सहादूभाऊ टेलिफोन ऑपरेटर होते. जिन्याखाली त्यांची काचेची खोली. तिथे एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतीवर एक राखाडी पेटी. बाहेरून आलेला फोन आधी त्या पेटीत येई, मग सहादूभाऊंच्या कानात, आणि पलीकडचा माणूस बोलण्याच्या लायकीचा वाटला तर पुढे कोणाच्या तरी टेबलावर. सगळी कचेरी पेटीला खोका म्हणे. सहादूभाऊ तिला एक्स्चेंज म्हणत आणि दर शनिवारी रंगाच्या ब्रशने तिची धूळ झाडत. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही फोन भलतीकडे गेला नव्हता. गेला असं म्हणणारा माणूस खोटारडा असे, हे त्यांनी स्वतःच ठरवलेलं होतं.

तर त्या पेटीवर संक्रांत आली. मुख्य कचेरी, वणी आणि पेठ इथल्या तिन्ही पेट्या काढून सगळे फोन एकाच सर्व्हरवर न्यायचे, असं कंपनीच्या प्रमुख तेजस्विनी मॅडमनी ठरवलं. फोन आला की रेकॉर्ड केलेली बाई बोलणार, माणूस आकडा दाबणार आणि थेट हव्या त्या टेबलाशी जोडला जाणार. दिवाळीपर्यंत हे सुरळीत चाललं, तर जुनी पेटी भंगारात आणि सहादूभाऊ सुट्या भागांच्या काउंटरवर. नाही चाललं, तर पेटीही राहणार आणि खुर्चीही. नोकरीची दोन वर्षं उरलेल्या माणसाला नोझल आणि वॉशर विकायला बसवणं म्हणजे सहादूभाऊंच्या लेखी देवळातल्या पुजाऱ्याला चपला सांभाळायला बसवणं होतं.

हे काम रविराजकडे होतं. संगणक विभागातला हा तिशीचा मुलगा वाक्यागणिक ‘इश्यू’ म्हणे, म्हणून तोही नापास. पण होता भला. त्याने सहादूभाऊंना मुद्दाम बोलावून, चहा पाजून समजावलं की काका, आता नंबर वायरीत नाही, फोनमध्ये आहे. सर्व्हर प्रत्येक फोनला चेहऱ्याने ओळखतो. हा फोन उचलून उद्या पेठला लावला तरी याचा नंबर हाच.

सहादूभाऊंनी चहा संपवला.

“बाळा,” ते म्हणाले, “नंबर भिंतीत असतो.”

आणि उठून गेले. जाताना त्या पोराच्या शिक्षणावर झालेल्या खर्चाबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटलं.

नवे फोन बसले. सगळे काळे, सगळे सारखे. सहादूभाऊंच्या मते पितृपक्षात एका रांगेत येऊन बसलेले कावळेच. आठ दिवस सगळं बिनबोभाट चाललं. रेकॉर्डमधली बाई एकदाही चुकली नाही, यामुळे तर ती त्यांच्या मनातून साफ उतरली.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात यंत्रांची पूजा होई, तशी कचेरीत फोनची; ही प्रथा सहादूभाऊंनीच पाडलेली. सगळे फोन काढून मीटिंगच्या खोलीत पिवळ्या कापडावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडू चढवायचे आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला येईल तो फोन हाताला येईल त्या टेबलावर नेऊन लावायचा. जुन्या फोनना त्याने काहीच फरक पडत नसे. कुठलंही यंत्र लावा, भिंतीतला नंबर भिंतीतच. याही वर्षी त्यांनी चाळीसच्या चाळीस कावळ्यांना कुंकवाचा अंगठा लावला, आणि दसऱ्यानंतर कोणी यायच्या आत मोठ्या समाधानाने वाटून टाकले. रविराज दसऱ्यासाठी गावी गेला होता; तो दहाला उगवला.

साडेदहापर्यंत कचेरीत दाणादाण उडाली. नोझलची चौकशी करणारा पेठचा शेतकरी हिशेबात जाऊन पडला आणि अमोलने घास चावत त्याला जीएसटी नंबर विचारला. मॅडमच्या फोनवर ‘दोन कडक, एक बिनसाखरेचा’ अशी मागणी तीनदा आली. आणि मॅडमकडे बोलू पाहणाऱ्या बँकेच्या बड्या साहेबांना चहाच्या खोलीतल्या भागीबाईने सांगितलं की मॅडम इथं कधीच येत नाय, तुमचं काय काम हाय ते मला सांगा. साहेबांनी सांगितलंही. भागीबाईचं हॅलो त्या कचेरीतल्या मोजक्या पास हॅलोंपैकी होतं.

मॅडमच्या खोलीत सगळे जमले. रविराज घामाघूम होऊन सांगत होता की सर्व्हर तीनदा तपासला, सगळं बरोबर दिसतंय. त्याचं कोणी ऐकेना. उलट, ज्यांनी आयुष्यभर पेटीला खोका म्हटलं, ते सगळे आता तिचे गोडवे गात होते. मॅडमनी हात वर केला.

“काढून टाका हे सगळं. ढिकलेभाऊ, जुनी पेटी चालू होईल ना?”

खुर्ची वाचली होती. सहादूभाऊ होकार द्यायला पुढे झाले आणि त्यांची नजर मॅडमच्या फोनच्या चिमुकल्या पडद्यावर गेली. तिथे कुंकवाच्या अंगठ्याखाली अक्षरं होती: ‘चहा खोली’. नंबर भिंतीत नव्हता. पोराने चहा पाजून सांगितलं होतं तेच खरं होतं, आणि हे चाळीस फोन त्यांनी स्वतःच्या हाताने फिरवले होते. हे त्या खोलीत आणखी कोणाला कळलेलं नव्हतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

ते हो म्हणणारही होते. पण तेवढ्यात अमोलला बुद्धी सुचली. तो सगळ्यांना समजावू लागला की दसऱ्याला एसी बंद होता, सर्व्हर तापला, तापला की आतले नंबर पातळ होतात आणि एकमेकांत मिसळतात. सगळे माना डोलावू लागले. सहादूभाऊंनी त्या डोलणाऱ्या माना पाहिल्या. या असल्या माणसांच्या बाजूने जिंकायचं? आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा फोन भलतीकडे गेला, तो पातळ नंबरांच्या नावावर खपवायचा?

“मूर्खासारखं बोलू नकोस,” ते अमोलला म्हणाले. मग मॅडमकडे वळले. “यंत्र बरोबर आहे. हा पोरगाही बरोबर आहे. फोन मी हलवले. पूजेनंतर.”

दुपारी दोनपर्यंत त्यांनी आणि रविराजने चाळीस फोन आपापल्या जागी लावले. रविराज एकदाही इश्यू म्हणाला नाही. दिवाळीनंतर पेटी भंगारात गेली. तिची धूळ त्यांनी आदल्या शनिवारीही झाडली होती.

सहादूभाऊ काउंटरवर बसायला लागल्याच्या दुसऱ्या दिवशी रविराज काळा फोन घेऊन आला आणि काका, तुम्हाला नंबर कुठला देऊ, असं त्याने विचारलं.

“कुठलाही दे,” नोझलच्या पेटीतून मान वर न करता सहादूभाऊ म्हणाले. “पण वर ठळक अक्षरांत ‘काउंटर’ अशी चिठ्ठी चिकटव. पुढच्या खंडेनवमीला परत कोणी तरी शहाणा निघेल.”