शिंदेबाईंचं ऐकणार कोण?

मंडळी, आज देवासच्या एका कारखान्यात जाऊन आलो. दोन महिन्यांपूर्वी तिथल्या सुपरवायझरांना शिकवलं होतं, की पाळी बदलताना मशीनपाशी थांबून पुढच्याला बिघाड सांगायचा आणि त्याच्याकडून परत वदवून घ्यायचा. आम्ही संस्कृत पाठशाळेत असेच, गुरुजींचं म्हणणं परत म्हणत घडलो.

त्यासाठी दिलेली माझी तपासयादी भिंतीवर दिसली. लॅमिनेट केलेली, विश्वकर्म्याशेजारी, हार घालून. "सरजी, खराब न हो जाए म्हणून वर लावली," एक भिया, म्हणजे तिकडचे भैया, म्हणाले. एवढा मान मला घरीही नाही.

खाली माझ्याकडे शिकलेल्या सुपरवायझर शिंदेबाई मशीनपाशी एकट्याच उभ्या. पाळी संपून वीस मिनिटं झालेली.

"पुढचे येतात, 'मास्टरनीजी, सब पता है' म्हणून हसतात. उद्यापासून मी नाही थांबणार."

"आज मला सांगा."

"बेअरिंग गरम होतंय. दर तासाला बघा."

मी शब्दन् शब्द परत म्हटला. त्या पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही तर आता निघाल."

निघालोच. बसमध्ये शेजारची सीट रिकामी होती; बेअरिंगचं सांगायलाही कोणी नव्हतं.

तुमच्याकडे कोणी नवं शिकून परत आलं, तर त्याचं ऐकायला कोण थांबतं?