वाढत्या अंगाचं हेल्मेट

सरांनी हेल्मेट कोमलच्या डोक्यावर ठेवलं, तसं तिचं तोंड आत बुडालं. पुढची जाळी हनुवटीखाली लोंबायला लागली. मंगल कार्यालयातली सगळी माणसं हसली. स्टेजवरून भाऊसाहेब माइक हातात धरूनच म्हणाले, "राहू द्या सर. वाढत्या अंगाची पोरगी हाय. आन् ह्या लोकायला समदं वाढत्या अंगाचंच लागतंय."

परत हशा.

त्या हशात मी पण होतो. पोरीचा बाप, स्टेजच्या पायरीशी उभा, हातात सत्काराचा नारळ, अन् दात काढतोय.

कोमल माझी धाकटी. माजलगावच्या मोंढ्यात सौदे सुरू व्हायच्या आधी, सिमेंटच्या ओट्यावर सर पोरींना चाकाच्या स्केटवर हॉकी शिकवतात. चेंडूच्या जागी रबराची कडक चकती, तिला पक म्हणतात. खेळ खरा बर्फावरचा. आमच्याकडं बर्फ म्हणजे गारीगारवाल्याच्या पेटीतला, नाहीतर लग्नात पाण्याच्या टाकीत सोडलेला. तरी पोरी शिकल्या. कोमल गोलकीपर. मेंढरं वाडग्यात कोंडताना निसटू बघणारं कोकरू ती पायानं अडवायची, तसाच तिनं पक अडवायला घेतला. आम्ही मेंढरंवाले. आमच्या घरात खेळाडू म्हणजे ही पहिलीच. मी तर पत्त्यातसुद्धा हरतो.

यंदा ह्या पोरी लडाखला, खऱ्या बर्फावर जाणार होत्या. अंगावरचं सामान भाऊसाहेबांच्या मंडळानं दिलं. सरांनी आधीच शिंप्याची टेप घेऊन एकेका पोरीचं डोकं, खांदे, पायाची नळी मोजली होती. आई-बापांनाही समजावलं होतं. "बूट घेता तसं हे घ्यायचं नाही. हेल्मेट घट्टच पाहिजे. मान झटकली तरी हलता कामा नये. गोलकीपरचं तर अजिबात नाही." कोमलच्या मापाचं एक पांढरं हेल्मेट निघालं होतं. सरांनी ते मला दाखवलंही होतं.

पण आमच्याकडं कुठलंही वाटप मानानं होतं. आधी देणाऱ्याच्या घरचं माणूस, मग सरपंचाचं, मग वजनदार मंडळी, मग उरलेले. नाव पुकारलं की टेबलावरून आपल्या हातानं उचलायचं, अन् फोटो. पहिलं नाव भाऊसाहेबांच्या पुतणीचं. ती राखीव खेळाडू. तिनं पांढरं हेल्मेट उचललं. सर पुढं झाले. भाऊसाहेबांनी नुसतं बघितलं. सर मागं झाले. आमचं नाव शेवटी आलं, तेव्हा टेबलावर एकच उरलं होतं, एखाद्या थोराड गड्याच्या डोक्याचं.

"आबा," जाळीच्या आतून कोमल म्हणाली, "मला काय दिसंना."

"आतून गमजा कोंबू," मी म्हणालो. "पुढल्या साली बसंल बरुबर."

मी जन्मभर तसंच तर घातलंय. शाळेत चुलत्याची चड्डी, कमरेला सुतळी बांधून. लग्नातला कोटसुद्धा वाढत्या अंगाचा घेतला होता, तेव्हा मला मिशा येऊन जमाना झाला होता. अंग काही वाढलं नाही. पोट वाढलं, तर कोटाची बटणं लागेनात.

घरी मी गमज्याची घडी करून हेल्मेटात दडपून बसवली. बायको म्हणाली, "कावून एवढं कोंबताय? पोरीला ऐकू तरी येऊ द्या." मी म्हणालो, मला कळतंय.

मला काय कळत होतं, ते दुसऱ्या सकाळी ओट्यावर दिसलं. पक उडाला, जाळीवर आदळला अन् हेल्मेट डोक्यावरच गर्रकन फिरलं. जाळीची कड भुवईत घुसली. कोमल गुडघ्यांवर बसली. ओट्यावर आदल्या दिवशीच्या सौद्यातला हरभरा सांडलेला होता. त्यावर रक्त पडायला लागलं. ती रडली नाही. आतला गमजा ओढून काढला, डोळ्यावर दाबला अन् म्हणाली, "आबा, हे माझं न्हवतंच. माझं ती घिऊन गेली. तुमी बी बघितलं की."

बघितलं होतं. बघून हसलो होतो.

दवाखान्यात टाके घातले. तिथून हेल्मेट काखेत मारून मी भाऊसाहेबांच्या बंगल्यावर निघालो. कोमल घरी जायला तयार होईना. ती पण आली, डोक्याला पट्टी बांधलेली. भाऊसाहेब झोपाळ्यावर होते. खाली सतरंजीवर नेहमीची माणसं.

"ये बे," भाऊसाहेब म्हणाले. "हेल्मेट घिऊन फिरतोस, मेंढरायला बी खेळायला नेतोस का काय?"

माणसं हसली. मला ह्या वेळी हसू आलं नाही. न हसता उभं राहणं लई अवघड असतं. गालाला सवय लागलेली असते.

"हे हिच्या मापाचं न्हाई," मी म्हणालो. "मापाचं तुमच्या पुतणीकडं हाय. ते द्या."

"फुकटातल्या वस्तूला माप लावतो का?"

"डोकं फुकटातलं न्हाई."

"आन् न्हाई दिलं तर?"

"मंग गोलात पुतणीला उभी करा."

झोपाळा थांबला. भाऊसाहेब माझ्याशी बोलायचे बंद झाले. कोमलकडं वळून गोड आवाजात म्हणाले, "पोरी, तुझा बाप येडा झालाय. तू सांग. जायचं का न्हाई लडाखला?"

तिला जायचं होतं. बर्फावर स्केट कसा आवाज करतो, हे ती आईला स्वयंपाक करता करता विचारायची, जणू आईनं ऐकलाय. मला वाटलं, ही आता हो म्हणेल. अन् म्हणाली असती तर मी कुठल्या तोंडानं अडवणार होतो?

तिनं माझ्या काखेतलं हेल्मेट काढलं अन् झोपाळ्यासमोर फरशीवर ठेवलं.

"जायचं हाय," ती म्हणाली. "मापाचं घालून."

त्याच संध्याकाळी संघातून तिचं नाव निघालं. सरांचा फोन आला, "माझ्या हातात काही नाही हो." पोरी गेल्या. कोमल त्या सकाळी भिंतीकडं तोंड करून निजली, जेवली नाही.

पुढं मोबाइलवर फोटो आला. पांढरं शुभ्र मैदान, मधोमध पुतणी. अन् मागं गोलात, कोमलच्या जागी ऐनवेळी घेतलेली तेलगावची एक बारकी पोर. तिच्या डोक्यावर आम्ही फरशीवर ठेवून आलेलं तेच हेल्मेट.

मी तेलगावला गेलो, तिच्या बापाला गाठलं. त्याला कोमलची भुवई कशी फुटली ते सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या पाव्हणं. आमच्यासारख्याला दिलं, तेवढंच लई झालं." मी उठलो नाही. चहा आला, गार झाला, तरी उठलो नाही. शेवटी त्यानं विचारलं, "मंग काय करायचं?"

तेव्हापासून एकेका पोरीच्या घरी जाऊन सांगतोय. पुढच्या वाटपाला पुकारा कुणाचाही होऊ दे, आधी डोकी मोजायची, अन् ज्याच्या मापाचं त्यानंच उचलायचं. तसं होणार नसेल, तर कोमलला परत संघात घेतलं तरी ती गोलात उभी राहणार नाही. तेलगावची पोरही राहणार नाही. गोल मोकळा राहील.