पुसेगावचा यात्रेकरू

संतरामचा हरीश तसा खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. आणि बोलला तेही काही लांबलचक नव्हतं. एकच शब्द होता, 'व्हय'.

पुण्यातली नोकरी त्यानं सोडली होती. हैदराबादची नवी तीन महिन्यांनी सुरू होणार होती. मधल्या मोकळ्या वेळात हा बिनलग्नाचा गडी पाठीवर एक बॅग टाकून एकटाच परदेश हिंडायला निघाला होता. आधी नेपाळ, मग थायलंड, मग व्हिएतनाम, पुढं मन रमेल तिथं. पुण्यात मित्रांना हे सांगताना त्याची छाती फुगायची. पण पुसेगावात आला, आणि हळद उकडायच्या धांदलीत घामाघूम झालेल्या बापासमोर उभा राहिला, तेव्हा 'उगीच फिरायला चाललोय' म्हणायला त्याची जीभ रेटेना.

"कोन्या देशात जायलास?" आबांनी विचारलं.

"पयले नेपाळ."

"पशुपतिनाथाला?" आबांचा चेहरा असा काही उजळला, की आई गेल्यापासून हरीशनं तो तसा पाहिलाच नव्हता.

"व्हय," हरीश म्हणाला.

झालं. थायलंड-व्हिएतनाम त्याच्या तोंडातच राहिले. तीन महिने लागणार म्हटल्यावर आबांनी आपल्या मनानंच धरलं, की पोरगं वाटेतली सगळी क्षेत्रं करत जाणार. आणि पोरगं गप्प बसलं. चांगलं शिकलेलं, दोन भाषांत मीटिंगा घेणारं पोरगं, पण इथं मूग गिळून बसलं.

आता यात्रेला निघालेल्या माणसाची आमच्याकडची रीत म्हणजे त्याला टाळ-मृदंगाच्या गजरात वेशीपर्यंत पोचवायचं आणि लहानथोर सगळ्यांनी त्याच्या पाया पडायचं. त्यात वय बघत नाहीत. हरीश ही रीत साफ विसरला होता. पहाटेच्या एसटीनं गुपचूप सटकावं असा त्याचा बेत, तर दारात अर्धं गाव उभं. पँटीला नाही नाही ते खिसे, पायात डोंगर चढायचे महागडे बूट, आणि वर गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला बुक्का. अशा ध्यानात त्याला गावातून मिरवलं. लाजेनं त्याला वर बघवेना, तर बाया म्हणू लागल्या, बघा, किती लीन झालंय लेकरू!

वेशीवर त्याची चुलती गोजरबाई पुढं आली. पाठीतून पार वाकलेली. ती पायांकडं झुकली तसा हरीश दोन पावलं मागं सरला.

"मोठेमाय, नको! माझे पाय काहून धरायलीस?"

"तुझे कोन धरून राहिलं रं बाबा?" ती हसली. "तू जिथं चाललास तिथले धरायले. मला कोन नेतंय तिथवर? हूब राय गप."

तो उभा राहिला. तिची बोटं बुटांच्या नाड्यांवरून फिरली आणि तिनं ती कपाळाला लावली. त्या घटकेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. पण लाज इथंच संपायची नव्हती. आबा चारचौघांत पुढं आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पोरगं देवाला चाललं. त्याचं पाऊल घराला लागंस्तोवर मी एकदाच जेवीन. रातचं अन्न बंद."

लोकांनी जयजयकार केला. आबांना साखरेचा आजार होता. दोन वेळ पोटभर जेवून गोळ्या घ्यायच्या, जेवण चुकवायचं नाही, असं डॉक्टरनं त्यांना हरीशच्या देखतच बजावलं होतं.

हिंगोलीपर्यंत एसटीत बापलेक शेजारी बसले. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "पोराला पोचवायला चाललो. पशुपतिनाथाला चाललंय." हरीश खिडकीबाहेर बघत राहिला. सांगावं तर बापाचं नाक कापलं जातं, न सांगावं तर बापाचा जीव धोक्यात. हार काढून त्यानं मांडीवर घेतला होता. तो खाली ठेवता येईना आणि पिशवीतही कोंबता येईना.

स्टेशनावर, बाकड्यावर बसल्यावर, त्यानं एकदाचं सांगून टाकलं. खाली मान घालून, सगळं.

आबांनी त्याच्या हातातल्या हाराकडं पाहिलं. मग म्हणाले, "मंग तिथं करायचं काय असतंय?"

"काई न्हाई. फिरायचं."

"एकल्यानं? देवाचं न्हाई, कामाचं न्हाई?"

"व्हय."

"वैनीनं पाय धरले रं तुझे." आबांचा आवाज चढला नाही. चढला असता तर हरीशला बरं वाटलं असतं.

"आबा, तुमी ते नेमाचं सोडा. तुमाला तकलीफ होईल. मी जातो ना देवळात, नेपाळात हायेच चार दिवस."

"वाटंत तहसील लागली म्हनून सही करून याया, तसा जाशील व्हय देवाला?"

"मंग जातच न्हाई. चला घरी."

आबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं. "खरं सांग. तुला जायाचं हाय का न्हाई?"

इथं तरी पोरानं खोटं बोलायला हवं होतं. पण खोटं बोलायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. "जायाचं हाय," तो म्हणाला.

"मंग जाय. नेम मी देवाला बोललो, तुला न्हाई. घरातल्या एकानं तरी यात्रा बराबर केली पाह्यजे."

गाडी आली. आबांनी बॅग स्वतः उचलून आत दिली. खिडकीशी आले, इकडंतिकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आल्यावर वैनीला दर्शन झालं म्हनून सांगजो. ठासून सांगजो. मी बी व्हय म्हनीन." जन्मात कुणापुढं खोटं न बोललेला माणूस एवढं बोलून वळला आणि मागं न बघता फाटकाकडं चालू लागला.

गाडी हलली. हरीशला वाटलं होतं, आता रडू येईल. आलं नाही. हिंगोली मागं पडली, हळदीची पिवळी वाळवणं मागं पडली, वारा तोंडावर आला आणि त्याला चक्क हलकं वाटलं. पुढचे तीन महिने समोर मोकळे पडलेले दिसले आणि आतून आनंदाची उकळी फुटली. ती दाबायचा त्यानं खूप प्रयत्न केला. दबेना. एवढी लाज त्याला वेशीवरही वाटली नव्हती.

आणि वर सपाटून भूक लागली. गोजरबाईनं बांधून दिलेल्या दशम्या त्यानं सोडल्या. सगळ्या खाल्ल्या. गोड लागल्या.