अर्ध्या लिटरचं माप

माझ्या नवऱ्यानं वीस वर्षं मला गाडीवर मागे बसवलं, आडवं, पदर सावरत, आणि एकदाही मूठ हातात दिली नाही. "बायाच्या हाती गाडी म्हंजे रस्त्यानं जाणाऱ्यायले ताप," असं ते पानठेल्यावर मोठ्यानं सांगायचे. मी मागे बसून ऐकून घ्यायची. तोच माणूस माझ्या मागे बसायला लागला तेव्हा खरं तर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

ते दूध गोळा करायचे. आमचं गाव पांढरकवड्यापासून चौदा किलोमीटर. त्यातले पाच आतल्या गिट्टीच्या रस्त्याचे, बाकी नागपूर-हैदराबाद हायवेचे, ट्रकांच्या रांगेतले. शंभर सीसीची जुनी गाडी, दोन्ही बाजूंना आकड्यांना अडकवलेले कॅन, आणि त्या रस्त्यानं रोज सकाळी डेअरी. गाडीला झटके बसले की दूध घुसळतं आणि झाकणाखाली लोण्याचे गोळे जमतात. डेअरीवाला असा कॅन परत पाठवतो. आमचा कॅन वीस वर्षांत परत आला नाही, हे ते लग्नाच्या पंगतीतही सांगायचे. मला ते ऐकून ऐकून वीट आला होता. आज वाटतं, सांगण्यासारखं एवढंच होतं त्या माणसाजवळ, आणि ते खरं होतं.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा पांढरकवड्याला डायलिसिस ठरलं, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातची पाळी. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की एक दिवसही चुकवायचा नाही, चुकला तर माणूस हातचा जाईल. म्हणजे चौदा किलोमीटर पोचलो तर नवरा आहे, नाही पोचलो तर नाही. इतका सरळ हिशोब मला आयुष्यात कोणी सांगितला नव्हता.

पण पोचायचं कसं? पहिली एसटी नऊला. काळीपिवळी जीप पंधरा माणसं कोंबल्याशिवाय हलत नाही, आणि सुया टोचलेल्या हातावर कोणी ना कोणी टेकतंच. दिरानं दोन महिने नेलं. मग त्याची गाडी नेमकी सोमवारीच बिघडू लागली. एकदा हे स्वतःच गाडी घेऊन गेले आणि परतताना फाट्यावर चक्कर येऊन गाडीसकट नालीत पडले. शिवाय सुयांचा हात डावा. त्या हाताला जपायचं, ताण द्यायचा नाही, घड्याळसुद्धा बांधायचं नाही. आणि क्लच डाव्याच हाताचा.

नालीतून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी ते खाटेवरून म्हणाले, "तू शिक."

"आता आठवली का बायको?" मी म्हणाले. "वीस वर्षं मला हात नव्हते का?"

"भांडतं कायले वं? शिकतं का नाही, थे सांग."

मला इतका राग आला होता की मी चुलीपुढं बसून रडले. भीतीनं नाही, रागानं. माणूस असा मोडून पडल्यावरच हातात गाडी मिळायची होती मला.

उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे शाळेचं मैदान रिकामं होतं. डायलिसिस नसेल त्या दिवशी सकाळी सहाला आम्ही तिथं जायला लागलो; तोवर पाळीला न्यायला मी पुन्हा दिराच्या हातापाया पडले. पहिल्या दिवशी त्यांनी सोबत दुधाचं अर्ध्या लिटरचं माप घेतलं होतं, लांब दांडीचं, ॲल्युमिनियमचं. दुधाचं काम सुटल्यापासून ते खिळ्याला लटकून होतं. डॉक्टरांनी दिवसाला अर्धा लिटरच पाणी सांगितलं तेव्हा त्यांनी तेच काढून घासून घेतलं होतं. सकाळी एकदा भरायचं आणि त्यातून घोट घोट करून दिवस काढायचा. यवतमाळकडच्या मे महिन्यात अर्धा लिटर पाणी म्हणजे काय, हे मी सांगायला नको. त्यांची जीभ खरखरीत व्हायची, बोलताना टाळूला चिकटायची.

ते भरलेलं माप उजव्या हातात धरून ते माझ्या मागे बसले.

"हे कायले आणलं?"

"सांडलं नाही पायजे. दुधाचंही असंच शिकलतो मी."

"घरी दुसरं पाणी आहे."

"घरचं घरी. हे माह्या वाटचं हाये. सांडलं थे गेलं."

मी क्लच सोडला. गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. अर्धं माप माझ्या पाठीवर आलं. पोलकं चिंब भिजलं. मागून आवाज आला, "सांडलं." ओरडले नाहीत. नुसतं सांगितलं.

त्या दिवशी सात वेळा गाडी बंद पडली. घरी आलो तेव्हा मापाच्या तळाला दोन घोट उरले होते. दुपारी मी तांब्या भरून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो पायानं दूर सारला. मी खूप बोलले. तुम्हाला मरायची हौस असेल तर मला त्यात ओढू नका, असंही बोलले. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि संध्याकाळपर्यंत ते दोन घोट पुरवले. असा शिकवणारा कोणाच्या वाट्याला येऊ नये.

दुसऱ्या खेपेला मैदानावर गेलो. मागे पाणी नाही, त्यांचा जीवच हेलकावतोय असं वाटायचं. मी भीतीनं क्लच अर्धा दाबूनच गाडी चालवायला लागले. गाडी घुरघुर करत चालायची, पाणी फारसं सांडत नव्हतं, मी खूष. पण थोड्या वेळानं जळका वास आला. "क्लचप्लेट जाळतं का वं? हे चोराचं चालवणं झालं," ते म्हणाले. "पुरा सोडायचा. पण हळू. गाडी कुठं पकडते थे बोटायले समजलं पायजे."

मला ते बोटांना समजतच नव्हतं. मूठ वळवायला गेले की क्लच सुटायचा, क्लच धरला की रेस मोकाट जायची. चौथ्या दिवशी ते चिडून म्हणाले, "धार काढतं तवा म्हशीचा सड एकदम सोडतं का तू? लाथ खाशीन ना. हळूच सोडतं, बोटाबोटानं. थेच हाये हे."

आमची म्हैस लहरी होती, आणि तिची धार मी बारा वर्षं काढली होती. मी डोळे मिटले आणि बोटं तशीच सैल केली. इंजिनाचा आवाज जरासा जड झाला, खालची गाडी किंचित पुढं झुकली, जशी म्हैस पान्हा सोडण्याआधी अंग सैल सोडते. तिथं मी बोटं थांबवली, उजव्या मुठीनं थोडी रेस दिली, आणि मग उरलेला क्लच सोडला. गाडी निघाली. नुसती निघाली, झटका नाही, काही नाही. मैदानाला पूर्ण फेरी मारली. थांबून मागे पाहिलं तर माप काठोकाठ होतं आणि त्यांच्या तोंडावर असं काही होतं की मी लगेच मान फिरवली. मग त्यांनी एक घोट घेतला. चार दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना पुरं पाणी पिऊ दिलं होतं.

पंधरा दिवसांनी आम्ही पांढरकवड्याला निघालो. पानठेल्यावरून कोणीतरी हाक मारली, "काय भाऊ, ड्रायव्हर ठेवला का?"

"हो, दूध आता थे नेते," हे म्हणाले. "मी कॅन हाये."

ते खरंच होतं. जाताना अंगात पाणी साचलेलं असायचं, पाय सुजलेले, श्वास आखूड, तेव्हा ते भरल्या कॅनसारखे जड आणि स्थिर बसायचे. परतताना यंत्रानं सगळं ओढून घेतलेलं असायचं. तेव्हा ते रिकामे, डुगडुगते. गतिरोधकावर दुसरा गिअर, अर्धा क्लच, ब्रेक नाही. ट्रक मागून आला की घाबरून रेस सोडायची नाही, हळू हळू कमी करायची. सगळं त्यांनी मागून शिकवलं. आता हातात माप नसायचं, तरी माझा हात जरा चुकला की कानाशी आवाज यायचा, "सांडलं." खड्डा असो, गिअर बदलताना घाई होवो, "सांडलं." चौदा किलोमीटरमध्ये वीसदा. मी वैतागून म्हणायची, "आता एकदा जरी म्हटलं तर इथंच उतरवीन." पुढच्याच वळणावर पुन्हा, "सांडलं."

वर्षभर असं चाललं. विसाचे दहा झाले, दहाचे तीन.

दुसऱ्या उन्हाळ्यातला तो सोमवार. निघताना ते नेहमीपेक्षा गप्प होते. रविवारचा दिवस मध्ये जास्तीचा येतो, म्हणून सोमवारी ते थकलेलेच असायचे. गिट्टीचा रस्ता पार झाला, एकदाही "सांडलं" नाही. हायवेला लागलो, नाही. गतिरोधक गेले, नाही. माझ्या मनात उकळ्या फुटायला लागल्या. वाटेतलं केळापूर जवळ आलं तेव्हा त्यांचं डोकं हळूच माझ्या पाठीवर टेकलं. मला वाटलं, झोप लागली. माझ्या गाडीवर या माणसाला झोप लागली! याहून मोठी शाबासकी त्यांनी मला कधी दिली नव्हती. त्यांना जाग येऊ नये म्हणून मी वेग आणखी कमी केला. पंचवीसवर, मग वीसवर. ट्रक हॉर्न मारत बाजूनं जात होते, मी त्यांना मनातल्या मनात शिव्या देत होते. रोजच्या अर्ध्या तासाला त्या दिवशी पाऊण तास लागला. इतकी सुंदर गाडी मी त्याआधी चालवली नव्हती, आणि नंतरही नाही.

दवाखान्याच्या दारात मी म्हटलं, "उठा, आलं." ते उठले नाहीत. खाली घसरायला लागले तेव्हा वॉचमननं धरलं.

आतली सिस्टर धावत आली. त्यांचे डोळे उघडून पाहिले, बीपीचं मशीन लावलं, मला विचारलं, "बाई, हे असे सुस्त कवापासून हायेत? वाटंत बोलले का काही?"

"नाही," मी म्हणाले. "झोपले होते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना हाक मारली. तिथून त्यांना यवतमाळला नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. कारण विचारलं तर तीन जणांनी तीन सांगितली. आधी आणलं असतं तर, असं मी एका डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, तसं काही सांगता येत नाही. त्यानं खोटं सांगितलं असतं तर मला बरं झालं असतं.

एक झटका बसला असता, एकच, तरी मला कळलं असतं. "सांडलं" आलं नसतं, मी थांबले असते, मागे वळून पाहिलं असतं.

माप पुन्हा त्याच खिळ्याला आहे. गाडी मीच चालवते. पांढरकवड्याला एका वसतिगृहात स्वयंपाकाला जाते, तोच रस्ता, तेच गतिरोधक. पानठेल्यावरचे म्हणतात की बाईचा हात फार साफ आहे, मागच्याला कळतही नाही. खरं आहे. मागच्याला कळत नाही.

फाट्यावर कोणी नसलं की कधी कधी मी क्लच एकदम सोडते. गाडी उडी मारून बंद पडते. मी थोडा वेळ तशीच बसून राहते, मग किक मारते.