बाहेर बसण्याची सोय

माझ्या यजमानांना जो आजार होता, त्याचं नाव आमच्या घरात कोणी कधी घेतलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं इंग्रजी नाव तर दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंतही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. आम्ही दोघं त्याला 'उष्णता' म्हणायचो. महाराष्ट्र नवा होता आणि माझं लग्नही नवंच होतं. लोणारला सासूबाई, यजमान आणि मी असे तिघं राहायचो. कापसाच्या हंगामात यजमान खामगावला एका जिनिंग कारखान्यात हिशेब लिहायला जात आणि हंगाम संपला की घरी येत.

लग्नानंतरच्या दुसऱ्या हंगामाहून ते परतले तेव्हा त्यांना अवघड जागी बारीक फोड आले होते. गावातल्या एकाने गरमी, म्हणजे उपदंश, समजून सुया टोचल्या. फोड गेले आणि पुन्हा आले. मग मेहकरच्या डॉक्टरांनी मलाही बोलावून घेतलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं की ही गरमी नव्हे, ही सुईनं मरत नाही. फोड वाळतात, पण रोग अंगातच दबून बसतो आणि ऊन, ताप, जागरण, काळजी झाली की वर येतो. तो संबंधातून लागतो. कधी कधी वर्षानुवर्षं गप्प बसून मग डोकं काढतो. बरा होत नाही, सांभाळावा लागतो. टॉवेल वेगळा, हात साबणानं धुवायचे, आणि जरा चुणचुण सुरू झाली की खपल्या पडेपर्यंत नवरा-बायकोनं लांब राहायचं. फोड नसतानाही तो लागू शकतो, हे मी फार उशिरा वाचलं. तेव्हा जेवढं कळलं तेवढं आम्ही पाळलं. 'वर्षानुवर्षं गप्प' हे शब्द मात्र मी घट्ट धरून ठेवले. लग्नाआधीचं काहीतरी असेल, असं माझं मीच ठरवून टाकलं आणि विचारलं नाही.

लांब राहायचं ते कसं, हा खरा प्रश्न होता. घर दोन खोल्यांचं. यजमान अंगणात बाज टाकून झोपले असते तर सकाळी पहिला प्रश्न सासूबाईंचा आणि दुसरा शेजारणीचा. पुरुषाला घरात वेगळं बसायची सोयच नाही. बाईला आहे. महिन्याचे चार दिवस मी ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसायचे. ताट वेगळं, अंथरूण वेगळं, आणि मला कोणी शिवायचं नाही, नवऱ्यानं तर नाहीच. तेव्हा यजमानांनी 'उष्णता वाटते' म्हटलं, की मी कोपऱ्यात जाऊन बसायचे. ही युक्ती माझी, आणि मला तिचा अभिमान होता. चूल सासूबाई फुंकायच्या, मी आयतं जेवायचे. खोटं कशाला सांगू, मजा वाटायची.

पण सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. ऐन महालक्ष्म्यांना मी कोपरा धरला, आणि त्याच्या थोडेच दिवस आधी मी तिथून उठले होते. "महिन्यातून दोन-दोनदा बाहेर बसते," त्या शेजारणीला म्हणाल्या, "कूस कशी उजवन हिची?" आधी काढे झाले. कसल्याशा सालीचा कडूजहर काढा मी नाक दाबून प्यायले. रोग एकाला आणि काढा दुसऱ्याला. मग धामणगाव बढ्याच्या एका मुलीचं बोलणं निघालं. एका बायकोवर दुसरी करायची नाही असा कायदा झाला होता म्हणतात, पण तो आमच्या गल्लीपर्यंत पोचला नव्हता. मला सुलतानपूरला, माहेरी, कायमचं धाडायचं ठरत होतं.

मी बोलून उपयोग नव्हता. असा रोग घरात निघाला की नाव आधी बाईचं होतं. मी यजमानांना म्हटलं, "तुमीच सांगा मायले." ते म्हणाले, "पाहू." पाहू म्हणजे नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

मुलीकडचे पाहुणे यायचे त्या दिवशी सकाळी यजमान स्वयंपाकघराच्या दाराशी आले. चेहरा उतरलेला. काळजीनं रोग वर येतो, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

"उष्णता वाटून राह्यली," ते हळूच म्हणाले.

मी पोहे भिजवत होते. "मंग आज तुमी बसा," मी म्हटलं. "मले काम आहे."

मला भीती वाटत होती आणि भयंकर रागही आला होता. पण मी पोह्यांतून हात काढला नाही. ते मागे फिरले. मग ओसरीवर गेले आणि सासूबाईंच्या देखत माझ्या गोणपाटावर जाऊन बसले.

"तिथं काऊन बसला बे?" सासूबाई म्हणाल्या. "तो बाईमाणसाचा कोपरा आहे."

"मले रोग आहे, माय. फोडायचा. डॉक्टरनं बायकोपासून लांब राहाले सांगतलं. तिले काही नाही. माह्यासाठी बसे ती."

सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. फोडांचा रोग कुठून येतो हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी दारात येऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि मी इतके दिवस जे विचारलं नव्हतं तेच विचारलं.

"लग्नाच्या आधी लागला का नंतर?"

यजमान गोणपाटाचा धागा ओढत होते. "नंतर," ते म्हणाले. "खामगावले."

सासूबाई उठल्या आणि पायात चपला सरकवल्या. "मी मोटरस्टँडवर जातो," त्या कोणाकडेच न बघता म्हणाल्या. "पाहुणे उतरले की तिथूनच वापस लावतो."

त्यानंतर मला माहेरी धाडायचा विषय त्या घरात कधी निघाला नाही. माहेरी निघून जावं असं मात्र मला त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं.